दुकानाच्या भाव फलकासाठी छोटं एलईडी मॅट्रिक्स : मराठी अक्षरं बसत नाहीयेत, काय करावं?

रावेरी_पोऱ्या (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

काकांचं रावेर तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. ओट्यावर काळा फळा टांगलेला. बऱ्हाणपूरचा भाव कळला की काका खडूने केळीचा भाव लिहितात आणि दुपारपर्यंत कोणाची तरी पाठ टेकून तो निम्मा पुसला जातो. मग १४५० होता की १५५० यावर चहा संपेपर्यंत वाद. मी डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सला आहे, त्यामुळे साहजिकच काका म्हणाले, "इतकं शिकतोयस तर एक बोर्ड बनव की, बँकेत असतो तसा सरकणारा."

मॅक्स७२१९ (ठिपके पेटवणारी चिप) वालं चार ठोकळ्यांचं लाल मॉड्यूल आणलंय, ३२ बाय ८ ठिपक्यांचं. ते चालवायला आर्डुइनो उनो (कोड टाकता येणारा छोटा बोर्ड) कॉलेजच्या प्रोजेक्टचा पडून होताच. इंग्रजी अक्षरं मस्त सरकतात. पण काकांना मराठीच पाहिजे, आणि 'केळी' लिहायला गेलं की वरची मात्रा कापली जाते. मात्रा बसवली तर खालचा 'ळ' चिरडतो. आठ ओळींत मराठी बसवायची काही युक्ती आहे का, की दुसरं मॉड्यूल घेऊ? शिवाय हे ओट्यावर उन्हात दिसेल का? वाचणारे बहुतेक जण मोटरसायकलवरून न उतरताच भाव बघतात.

शेवभाजी_विथ_एक्स्ट्रा_तर्री

वाचनखूण साठवली. उत्तरं येईपर्यंत पॉपकॉर्न.

सोल्डरचा_धूर

आठ ओळींचा हिशेब मांडून बघा, उत्तर त्यातच आहे. शिरोरेषेला एक ओळ. वर वेलांटी-मात्रेला कमीत कमी दोन. खाली उकाराला दोन. राहिल्या तीन ओळी. तीन ओळींत 'ळ', 'भ', 'झ' काढून दाखवा, मी तुम्हाला सावद्याला भरीत-पुरी खाऊ घालतो.

'भाव' हा शब्द मात्र आठात सुरेख बसतो, कारण त्याला ना वर काही ना खाली काही. 'दर', 'नग', 'माल' हेही बसतात. 'केळी'ला मात्रा आणि वेलांटी दोन्ही, 'क्विंटल'ला वेलांटी, अनुस्वार आणि वर जोडाक्षर. आपल्याला नेमके अडचणीचेच शब्द लागतात.

सोळा ओळी घेतल्या की प्रश्न मिटतो : वर चार, शिरोरेषा एक, अंगाला आठ, खाली तीन. यापेक्षा कमीत मराठी वाचता येते, पण वाचणाऱ्याला आधी माहीत असावं लागतं की काय लिहिलंय.

तापीकाठचा

धूरसाहेबांशी पूर्ण सहमत नाही. शिरोरेषा टाकून द्या, एक ओळ वाचते. उकार अक्षराच्या खाली न काढता बाजूला काढा. मी आमच्या गल्लीच्या गणपतीला आठ ओळींवर 'मोरया' फिरवलं होतं, लोकांनी वाचलं.

सोल्डरचा_धूर

@तापीकाठचा, गणपतीसमोर 'मोरया' न वाचताही कळतं हो. तिथे कोणी 'गोयल' वाचणार आहे का?

तापीकाठचा

😀 बरं, मुद्दा मान्य. पण शिरोरेषेवाचूनचा प्रयोग करून बघाच, 'भ' आणि 'म' वेगळे दिसतात का ते आधी तपासा.

नेरचा_भाऊ

भाऊ, खडू-फळाले ना लाइट लागस ना कोड.

रावेरी_पोऱ्या

@नेरचा_भाऊ, हेच काकूपण म्हणते.

एक नवीनच भानगड झाली आहे. दुसरी लायब्ररी (तयार कोड) टाकल्यावर प्रत्येक ठोकळ्यातलं अक्षर आडवं पडलंय आणि ठोकळ्यांचा क्रमही उलटा. वायरिंग तर तेच आहे.

ओहमचा_नियम

वायरिंगला हात लावू नका. एमडी_मॅक्स७२एक्सएक्स किंवा एमडी_पॅरोला लायब्ररी वापरत असाल तर कोडच्या सुरुवातीला हार्डवेअरचा प्रकार सांगावा लागतो. चार ठोकळे एका पट्टीवर असलेलं आपलं नेहमीचं मॉड्यूल असेल तर तिथे एफसी१६_एचडब्ल्यू टाका. जेनेरिक किंवा पॅरोला प्रकार राहिला असेल तर अगदी तुम्ही म्हणता तसं अक्षर आडवं किंवा आरशातलं दिसतं. बोर्ड बनवणाऱ्यांनी मॅट्रिक्सच्या ओळी-स्तंभ चिपला आपापल्या सोयीने जोडलेत, म्हणून ही निवड ठेवली आहे.

आता मराठीबद्दल. उनोला मराठी 'येत' नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. युनिकोडमध्ये 'कि' लिहिताना आधी 'क' साठवला जातो आणि वेलांटी नंतर, पण ती काढायची असते 'क'च्या आधी. 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष असे तीन तुकडे. हे तुकडे जुळवून आकार तयार करणं फोन आणि कॉम्प्युटर गुपचूप करतात. उनोकडे २ केबी रॅम, त्याच्याकडून ती अपेक्षा नको.

त्यामुळे फॉन्ट विसरा, शब्दांची चित्रं साठवा. कॉम्प्युटरवर 'केळी' हा शब्द सोळा ओळींच्या उंचीत काढायचा, ठिपके हाताने साफ करायचे आणि ते चित्र फ्लॅशमध्ये, म्हणजे कोड राहतो त्या मेमरीत, ठेवायचं. ३२ बाय १६ चं चित्र म्हणजे ५१२ ठिपके, ६४ बाइट. उनोची फ्लॅश ३२ केबी आहे. निम्मी कोडला सोडली तरी अडीचशे शब्द मावतात. तुमच्या काकांना 'आजचा', 'केळी', 'भाव', 'क्विंटल' आणि फार तर 'उधार बंद' एवढेच लागतील.

शेवभाजी_विथ_एक्स्ट्रा_तर्री

'उधार बंद' कायम लावून ठेवा, त्याला कोडची गरज नाही.

चौकटीची_वही

मी शिरपूर भागात शाळेत विज्ञान शिकवते, आमच्याकडे हा उद्योग दरवर्षी चालतो. ओहम यांनी सांगितलेलं चित्रांचं काम मुलं गणिताच्या चौकटीच्या वहीत करतात. आधी पेन्सिलने सोळा चौकटी उंचीचा डबा आखायचा, वरून पाचव्या ओळीत शिरोरेषा ओढायची आणि मग अक्षर भरायचं. 'ख' काढताना खरी मजा येते. 'र' आणि 'व' मध्ये एक चौकट जास्त सुटली की 'रव' होतं. सहावीतल्या एका मुलीने वही हात लांब करून धरली, डोळे किलकिले केले आणि मधली एक चौकट खोडली. लांबून पाहिल्याशिवाय कळत नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आम्ही तयार मॉड्यूलऐवजी १०८८एएस हे सुटं ८ बाय ८ मॅट्रिक्स घेतो. ६४ एलईडी आणि पाय फक्त १६. बरं, पाय १ म्हणजे ओळ १ असं काही नाही, सगळे विखुरलेले. पहिली ओळ नवव्या पायावर, दुसरी चौदाव्यावर. मल्टिमीटर डायोडवर ठेवून मुलं एकेक ठिपका पेटवत नकाशा बनवतात. मग आम्ही मुद्दाम कोडमध्ये वेळ वाढवतो. एकदम ६४ एलईडी पेटलेले नसतातच, एका वेळी एकच ओळ पेटते आणि डोळा फसतो, हे त्यांना त्या संथ गतीत समोर दिसतं. मॅक्स७२१९ हेच काम सेकंदाला साधारण आठशे वेळा करतो.

सायबर_कॅफेवाला

ताई, मायक्रोबिट हा तयार छोटा बोर्ड का नाही वापरत? त्यावर ५ बाय ५ आहेच. आता आर्डुइनो उनो आर४ वायफायवर तर १२ बाय ८ चं मॅट्रिक्स बोर्डावरच येतं.

चौकटीची_वही

@सायबर_कॅफेवाला, किमतीमुळे. एका बोर्डाच्या पैशात अख्ख्या वर्गाला सुटी मॅट्रिक्स येतात. आणि पाय शोधण्याचा तास बुडतो तो वेगळाच. आर४ चे ते ९६ दिवे अकराच तारांवर चालवलेत, तो प्रकार मात्र मी फळ्यावर समजावते. चांगला गणिताचा प्रश्न आहे : अकरा तारांतून जास्तीत जास्त किती दिवे? दर दोन तारांत उलटसुलट एकेक दिवा, म्हणून ११ गुणिले १०, म्हणजे ११०.

रावेरी_पोऱ्या

एफसी१६ टाकल्यावर अक्षरं सरळ झाली, धन्यवाद. मित्राकडून दुसरी पट्टी आणून खालच्या बाजूला जोडली, आता १६ ओळी आहेत. 'केळी' एकदम झकास दिसतं. पण मध्येच शेवटचा ठोकळा पूर्ण लाल पेटतो आणि तसाच अडकून राहतो. रीसेट केलं की ठीक. चिप खराब आहे का?

ओहमचा_नियम

चिप ठीक असेल. पॉवर कुठून देताय?

रावेरी_पोऱ्या

उनोच्या ५ व्होल्ट पिनवरून. उनो लॅपटॉपच्या यूएसबीवर.

ओहमचा_नियम

मग तेच. सगळे दिवे पूर्ण तेजाने लागले तर एक मॅक्स७२१९ जवळपास ३३० मिलिअँपिअर खातो. तुमचे आठ आहेत, म्हणजे अडीच अँपिअरच्या वर. यूएसबी पोर्टचा हिशेब ५०० मिलिअँपिअरचा. सरकत्या मजकुरात सगळे दिवे एकदम लागत नाहीत म्हणून इतके दिवस निभावलं.

५ व्होल्ट ३ अँपिअरचा वेगळा अडॅप्टर घ्या आणि त्याचा ग्राउंड उनोच्या ग्राउंडला जोडायला विसरू नका. पॉवर पट्टीच्या दोन्ही टोकांना द्या, एकाच टोकाला दिली तर शेवटच्या ठोकळ्यापर्यंत व्होल्टेज पडतं. तेज १५ वर ठेवलं असेल तर ३-४ वर आणा, दुकानाच्या आत तेवढं पुष्कळ. प्रत्येक चिपजवळ ०.१ आणि १० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आहेत का तेही बघा, स्वस्त बोर्डांवर एखादा गाळलेला असतो.

पूर्ण पेटून अडकण्याचं कारण म्हणजे चिपमध्ये 'डिस्प्ले टेस्ट' नावाचं रजिस्टर (सेटिंग साठवायचा कप्पा) आहे. तारेत गोंधळ झाला की चुकून तिथे १ लिहिला जातो आणि सगळे दिवे लागतात. म्हणून मी दर मिनिटाला सगळी सुरुवातीची रजिस्टरं पुन्हा लिहितो. पाण्याची मोटर सुरू होताना असा झटका हमखास बसतो.

केळी_चेंबर_फैजपूर

मोटरचं खरं आहे. आमच्याकडे केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर आहे, बाहेरच्या भिंतीवर असंच ३२ बाय ८ लावलंय, आतलं तापमान दाखवायला. कॉम्प्रेसर चालू झाला की आकडा जायचा. वेगळा अडॅप्टर आणि जाड वायर केल्यावर थांबलं.

यानिमित्ताने सांगतो, आतमध्ये १६ ते १८ अंश आणि आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर. दार उघडलं की भिंतींना हात लावा, ओला होतो. त्यामुळे बोर्ड, अडॅप्टर, डिस्प्ले सगळं बाहेर. आत फक्त डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर, स्टीलच्या नळीतला. त्याची अचूकता अर्ध्या अंशाची आहे, आम्हाला तेवढी चालते. रात्री इथिलीन सोडल्यावर दार उघडायचं नसतं, तेव्हा अंगणातून आकडा दिसतो ही मोठी सोय. इथे आठ ओळी पुरल्या कारण अक्षरंच नाहीत. पोऱ्या, तुझ्या फळ्यावर रोज काय बदलतं? आकडाच ना?

सोल्डरचा_धूर

हे वाक्य मी लिहायला हवं होतं! 'आजचा केळी भाव, प्रति क्विंटल' हे पेंटरकडून रंगवून घ्या, पिवळ्यावर काळं, दिवसाढवळ्या लांबून दिसेल आणि लाइट गेली तरी राहील. एलईडीवर फक्त आकडे. मराठी आकड्यांना ना शिरोरेषा ना मात्रा, पाच बाय सात ठिपक्यांत '१४५०' सुबक येतं. 'सरकणारा' हा हट्ट सोडा. मोटरसायकलवरचा माणूस आकडा सरकून यायची वाट बघत नाही.

रावेरी_पोऱ्या

आयडिया पटली, पण काकांचा जीव सरकण्यात अडकलाय. आणि उन्हाचं काय? आज ओट्यावर ठेवून पाहिलं, दुपारी काहीच दिसलं नाही.

लाइटवाला_अमळनेर

उन्हात तो दिसणारच नाही. तुमच्या मॉड्यूलच्या एका ठोकळ्याची उंची ३२ मिलिमीटर, जेमतेम सव्वा इंच. आम्ही बोर्डवाले साधा ठोकताळा धरतो : एक इंच अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. म्हणजे तुमचं आठ ओळींचं बारा-तेरा फुटांवरून, तेही सावलीत. दुकानात गल्ल्यावर ठेवायला छान आहे.

ओट्यासाठी पी१० घ्या, एकरंगी, आउटडोअर. पी१० म्हणजे ठिपक्यांत १० मिलिमीटर अंतर. एका पॅनेलवर ३२ बाय १६ ठिपके, म्हणजे ३२ सेंटिमीटर लांब आणि १६ उंच. सहा इंचांचा आकडा, साठ फुटांवरून वाचा. आकडा सात ठिपके रुंद आणि एक ठिपका मोकळा धरला तर चार आकडे ३२ मध्ये काटेकोर बसतात. एकच पॅनेल पुरेल. वर छोटं छप्पर काढा, समोरून थेट ऊन पडलं तर पी१० पण फिका पडतो.

ओहमचा_नियम

पी१० ची गंमत मात्र वेगळी, हे पोऱ्याला सांगितलं पाहिजे. मॅक्स७२१९ हा एकदा सांगितलेलं लक्षात ठेवणारा गडी आहे, उनो झोपला तरी चित्र तसंच राहतं. पी१० ला स्मरणशक्तीच नाही. त्यात नुसते ७४एचसी५९५ शिफ्ट रजिस्टर (डेटा पुढे सरकवणाऱ्या चिप) आहेत आणि एका वेळी एक चतुर्थांश ओळीच पेटतात. कंट्रोलरला सतत डेटा ढकलत राहावं लागतं. कोडमध्ये कुठे 'डिले' किंवा वायफायची वाट बघणं आलं की पॅनेल लुकलुकतं किंवा पावच पेटून राहतं. डीएमडी लायब्ररी टायमर इंटरप्टवर, म्हणजे बाकीचं काम ठरावीक वेळाने मध्येच थांबवून, हे काम करते, ती वापरा. एका पॅनेलला पूर्ण तेजात तीन-चार अँपिअर लागतात, ५ व्होल्टचाच पण दणकट एसएमपीएस (पॉवर सप्लाय) घ्या.

कापूसकोंड्या

डब्ल्यूएस२८१२बी एलईडी का नाही? रंगीत! भाव वाढला की हिरवा, पडला की लाल.

केळी_चेंबर_फैजपूर

आमच्याकडे मग लाल रंगच आधी जळेल.

सोल्डरचा_धूर

@कापूसकोंड्या, एका दिव्याला पांढऱ्या पूर्ण तेजात ६० मिलिअँपिअर धरतात. ८ बाय ८ च्या एका तुकड्याला ३.८४ अँपिअर. ३२ बाय ८ करायला चौपट. पोऱ्याचा बोर्ड चालवायला दुकानातला पंखा बंद करावा लागेल. घरातल्या शोच्या घड्याळाला उत्तम, भाव फलकाला नको.

तापीकाठचा

अजून एक. बोर्डवर तारीख पाहिजेच. इंटरनेट गेलं आणि परवाचा भाव तसाच झळकत राहिला तर पुसलेल्या फळ्यापेक्षा वाईट. पुसलेला फळा निदान खोटं बोलत नाही.

ओहमचा_नियम

+१. आणि मी तर म्हणेन, ठरावीक तासांत नवा भाव आला नाही तर आकड्याऐवजी चार आडव्या रेघा दाखवा.

तारखेसाठी घड्याळाची चिप डीएस३२३१ घ्या, डीएस१३०७ नको. १३०७ बाहेरच्या क्रिस्टलवर चालते आणि ते क्रिस्टल २५ अंशांना बरोबर असतं. तापमान त्यापासून जितकं दूर, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात ते मागे पडतं. ४५ अंशांना दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास. पत्र्याच्या पेटीत ५५ झाले तर अडीच सेकंदांच्या वर. आपल्याकडे मे महिन्यात पेटीत काय होतं ते सांगायला नको. डीएस३२३१ स्वतःचं तापमान मोजून दुरुस्ती करते, वर्षाला मिनिटभर इकडेतिकडे.

तिच्या स्वस्त निळ्या मॉड्यूलवर बॅटरी चार्ज करायचं सर्किट असतं, आणि लोक त्यात साधा सीआर२०३२ सेल घालतात. तो चार्ज करायचा सेल नाही, फुगतो. त्या सर्किटमधला रेझिस्टर किंवा डायोड काढून टाका.

सायबर_कॅफेवाला

हे सगळं जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मिळेल का?

लाइटवाला_अमळनेर

गोलाणीत मोबाइलचं म्हणाल ते मिळेल. पी१० आणि एसएमपीएस जळगावात बोर्ड बनवणाऱ्यांकडे विचारा. सुटे आयसी, मॅट्रिक्स वगैरे पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कोणी येत असेल त्याला सांगा, नाहीतर ऑनलाइन.

आणि कोड लिहायचाच नसेल तर पी१० साठी तयार वायफाय कार्ड येतात. फोनवर मराठीत लिहा, फोन त्याचं चित्र करून पाठवतो, जोडाक्षरांचा प्रश्नच नाही.

रावेरी_पोऱ्या

कार्ड घेतलं तर मग मी शिकलो काय, असं काकाच म्हणतील. कोडच लिहितो.

ठरलं ते असं. ओट्यावर एक पी१०, फक्त चार आकडे, शेजारी रंगवलेली पाटी. पेंटरला 'बऱ्हाणपूर'मधला 'ऱ्ह' नीट काढायला बजावलं आहे. गल्ल्यावर आठ ठोकळ्यांचं लाल मॉड्यूल, त्यावर तारीख आणि काकांचं सरकणारं 'केळी भाव' चित्र. दोघांनाही ईएसपी८२६६ (वायफायवाली चिप) वरून आकडा द्यायचा विचार आहे. तो ३.३ व्होल्टचा, मॅक्सला चालेल ना?

ओहमचा_नियम

बहुतेक वेळा चालतो, पण भरवशावर राहू नका. ५ व्होल्टवर मॅक्स७२१९ ला 'हाय' म्हणून निदान ३.५ व्होल्ट लागतात. मध्ये ७४एचसीटी१२५ (३.३ चा सिग्नल ५ व्होल्टचा करणारी चिप) टाका, तिन्ही तारांना. आणि पी१० ला स्वतःचा कंट्रोलर ठेवा, वायफायची कामं त्याच्यावर लादू नका.

लाइटवाला_अमळनेर

पॅनेलच्या मागे बाण छापलेला असतो, त्या दिशेने डेटा जातो. रिबन केबल उलट्या बाजूच्या सॉकेटला लावून 'पॅनेल खराब निघालं' म्हणणारे आठवड्याला एक तरी येतात.

नेरचा_भाऊ

तुमनं काम भारी से भो. फळा मना घर धाडी द्या.

चौकटीची_वही

बोर्ड लागला की फोटो टाका. फोनने काढताना निम्म्या ओळी काळ्या येतील, घाबरू नका. प्रो मोडमध्ये शटर १/३० सेकंदावर ठेवा, सगळ्या ओळी येतात.